स्कॉटलंडमधलं जुनं व्हिस्की गोदाम नेमकं कोणासाठी बांधलं होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आयला बेटावर बोमोर डिस्टिलरीचं पहिल्या क्रमांकाचं गोदाम तुम्ही पाहून आलात. जाड दगडी भिंती, हातभर रुंदीच्या गजांच्या खिडक्या, अंधार, ओल, काळवंडलेला दगड. गाईडने सांगितलं की व्हिस्की उत्तम मुरावी म्हणून जुन्या लोकांनी हे सगळं विचारपूर्वक योजलं होतं. त्यात खरं किती, आणि असं गोदाम पाहून त्याचं वय कसं ओळखायचं, हे तुम्हाला हवंय. शिवाय तुमचे भाऊ एडिनबराच्या लीथ बंदरात अशाच एका जुन्या गोदामाचे फ्लॅट झालेत त्यातला एक घ्यायचा विचार करताहेत, तर त्यांनी काय बघावं, असंही विचारलंय.

मी स्कॉटलंडमध्ये जुन्या दगडी इमारतींची पाहणी आणि दुरुस्ती हे काम बरीच वर्षं करतो. त्यामुळे चवीबद्दलचं माझं मत फार मनावर घेऊ नका, भिंतींबद्दलचं घ्या.

गाईडने सांगितलेले गुण खरे आहेत, फक्त त्यांचा क्रम उलटा लागलाय. जाड भिंतींमुळे आतलं तापमान स्थिर राहतं हे बरोबर. पण म्हणून त्या जाड बांधल्या असं नाही. कुठलीही जुनी इमारत समोर आली की मी आधी दोन गोष्टी विचारतो: हिचा खर्च कोणी केला आणि हिची किल्ली कोणाकडे होती. व्हिस्कीच्या गोदामाच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर ‘व्यापारी’ आणि दुसऱ्याचं ‘व्यापारी आणि सरकार, दोघांकडे एकेक’ असं आहे. इमारतीचं निम्मं रूप या दोन उत्तरांतून निघतं.

१८२३ च्या अबकारी कायद्यापर्यंत हायलँड्स या डोंगराळ उत्तर भागातली बरीच व्हिस्की चोरून गाळली जायची आणि लवकरच प्यायलीही जायची. लपूनछपून गाळणारा माणूस माल दहा वर्षं साठवत नाही, त्याला तो आजच डोंगराच्या पलीकडे पोचवायचा असतो. त्यामुळे त्याला गोदाम लागतच नव्हतं. १८२३ च्या कायद्याने परवान्याची फी १० पौंड ठरवली, दारूवरचा कर निम्म्याहून खाली आणला, आणि कायदेशीर धंदा एकदम परवडू लागला. त्याबरोबर बॉन्डची पद्धत रुळली. माल सरकारमान्य गोदामात कुलपात आहे तोवर कर भरायचा नाही, बाहेर काढाल त्या दिवशी भरायचा. इथून पुढे माल साठवणं हा तोट्याचा व्यवहार राहिला नाही. पिंपात काही वर्षं पडून राहिलेली व्हिस्की जास्त चांगली लागते हे लोकांना आधीही ठाऊक होतं. पण भरलेल्या कराचे पैसे अडकवून न ठेवता तसं करता येणं ही नवी गोष्ट होती.

आता सरकारच्या बाजूने बघा. गोदामातल्या प्रत्येक पिंपावर कर येणं बाकी आहे. १९०९ मध्ये प्रूफ गॅलनमागे (ठरावीक कडकपणाच्या दारूच्या गॅलनमागे) ११ शिलिंगांचा कर १४ शिलिंग ९ पेन्स झाला आणि १९२० मध्ये तो ७२ शिलिंग ६ पेन्सपर्यंत गेला. म्हणजे एक पिंप मागच्या दाराने गेलं तर मालकाचं जेवढं नुकसान व्हायचं, त्याहून सरकारचं मोठं. म्हणून गोदामाच्या दाराला दोन कुलपं असायची, एक डिस्टिलरीचं आणि एक अबकारी अधिकाऱ्याचं, आणि दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. अधिकारी डिस्टिलरीच्या आवारातच राहायचा आणि त्याच्या घराची सोय मालकाने करायची. जुन्या डिस्टिलरीत गोदामाकडे तोंड करून उभं असलेलं एखादं नेटकं, जरा वेगळ्या तोऱ्याचं घर दिसलं, तर ते बहुतेक या साहेबांचं. ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत चालली, नंतर नोंदींवर आधारलेली तपासणी आली आणि राहते अधिकारी गेले.

खिडक्या लहान का, गज का, दार एकच का, शेजारच्या इमारतीतून आत यायला वाट का नाही, या सगळ्यांचं पहिलं उत्तर इथे आहे. गोदामाला अबकारी खात्याची मान्यता हवी असेल तर ते फोडायला कठीण असलं पाहिजे. अंधार आणि थंडावा त्याच्याबरोबर फुकट मिळाले. आणि तरीही चोरी व्हायचीच. कामगार तांब्याच्या नळीचा एक तुकडा घ्यायचे, एका टोकाला पेनीचं नाणं डाख देऊन बसवायचे, दुसऱ्याला बूच, आणि नळी विजारीत लटकवून बाहेर पडायचे. तिला ‘कॉपर डॉग’ म्हणत. आज त्या नळ्या डिस्टिलरीच्या संग्रहात काचेआड दिसतात आणि पर्यटक कौतुकाने फोटो काढतात.

‘देवदूतांचा वाटा’ म्हणून जी कथा प्रत्येक गाईड सांगतो, तिलाही ही हिशेबी बाजू आहे. ओकच्या लाकडातून दरवर्षी साधारण दोन टक्के माल उडून जातो. कर बाहेर पडणाऱ्या मालावर, त्यामुळे उडालेल्या मालावर सूट द्यावी लागणार. पण उडालं किती आणि कोणाच्या घशात गेलं किती, हे अधिकाऱ्याला कसं कळणार? एक दार, दोन कुलपं, गजांची खिडकी आणि नियमित मोजमाप असेल तरच ‘हवेत गेलं’ यावर विश्वास ठेवता येतो. माझ्या मते या गोदामाचं खरं वास्तुशास्त्र ते हेच.

किती वर्षं ठेवायचं हे मात्र कायद्याने फार उशिरा ठरवलं. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, किमान दोन वर्षं आणि १९१६ पासून तीन वर्षं मुरवण्याची सक्ती आली. ती चवीसाठी नव्हती. कोवळी, जहाल दारू पिऊन कारखान्यांतले कामगार गैरहजर राहतात या तक्रारीतून ती आली. आजच्या २००९ च्या नियमांतही स्कॉच म्हणायचं तर स्कॉटलंडमधल्याच अबकारी गोदामात, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत, किमान तीन वर्षं, अशी अट आहे. गोदाम हा स्कॉचच्या कायदेशीर व्याख्येचाच भाग झालाय.

आता व्यापाऱ्याची बाजू, म्हणजे खर्च आणि मजुरी. तुम्ही पाहिलं त्या प्रकाराला ‘डनेज’ गोदाम म्हणतात: बसकं, दगडी, मातीची किंवा राखेची जमीन, त्यावर लाकडी पट्ट्या आणि पट्ट्यांवर आडवी पिंपं, दोन किंवा फार तर तीन थर. तीनच का? शेरी या स्पॅनिश वाइनचं ५०० लिटरचं पिंप भरल्यावर अर्ध्या टनाहून जड होतं. २५० लिटरचं ‘हॉग्जहेड’ पिंपसुद्धा पावणेतीनशे किलोच्या घरात. ते माणसांनी ढकलत, फळीवरून चढवत वर न्यायचं, आणि खालच्या पिंपाने वरच्यांचं ओझं पेलायचं. तीन थरांनंतर माणूसही थकतो आणि लाकूडही. छत बसकं, कारण त्याहून उंच काही रचताच येत नव्हतं. जमीन मातीची, कारण फरशी महाग आणि भट्टीतली राख फुकट. शिवाय राखेत पिंपाची पट्टी हवी तशी समतल बसवता येते, आणि गळालेलं जिरून जातं. मधल्या वाटेवर मात्र पुष्कळदा दगडी फरशी असते, कारण पिंप गडगडत न्यायला कडक जमीन लागते. पायाखाली कुठे माती आणि कुठे फरशी आहे ते बघितलं की जुनी रचना कशी होती ते कळतं.

दगड जवळच्या खाणीतला, अनघड, चुन्यात बांधलेला. अनघड दगडाची भिंत पातळ बांधताच येत नाही. दोन बाजूंना मोठे दगड आणि मध्ये भर, असं केलं की दोन फुटांच्या खाली येणं कठीण. त्याच गावातली चर्चची, शेतघराची, शाळेची भिंत मोजा, जाडी तेवढीच सापडेल. व्हिस्कीसाठी म्हणून कुणी खास जाड भिंत बांधली नाही.

मग चवीचं काय? इथे मला थोडं सावध बोललं पाहिजे, कारण बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. ओलसर, थंड, संथ हवेत पिंपातून पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त वेगाने जातं, म्हणून स्कॉटलंडमध्ये वर्षं जातात तसा दारूचा जोर उतरत जातो. कोरड्या, तापणाऱ्या गोदामात उलट होतं. अमेरिकेत केंटकीच्या उंच गोदामांच्या वरच्या मजल्यांवर जोर चढतो. आपल्याकडचं उदाहरण घ्या: गोव्यात वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास माल उडतो, बंगळुरात दहाच्या वर, त्यामुळे तिथे सहा-सात वर्षांत जे होतं त्याला इथे कितीतरी जास्त काळ लागतो. म्हणजे हवामानाचा परिणाम निर्विवाद आहे. पण एकाच गावातल्या दगडी डनेजमधली आणि पत्र्याच्या उंच गोदामातली व्हिस्की किती वेगळी लागते, यावर धंद्यातलेच लोक हमरीतुमरीवर येतात. पिंप कोणत्या लाकडाचं, आधी त्यात काय होतं, कितव्यांदा भरलंय, याचा परिणाम भिंतीपेक्षा खूप मोठा आहे यावर मात्र बहुतेकांचं एकमत दिसतं. समुद्राच्या भिंतीला टेकलेल्या गोदामात व्हिस्कीला मिठाची चव येते म्हणतात. बोमोरचं ते गोदाम खरोखर लॉख इंडाल या खाडीच्या पाण्याला लागून, भरतीच्या पातळीखाली आहे. तिथे उभं राहून घोट घेतला की मीठ लागतं, हे मीही नाकारणार नाही. तुमच्या ओठांवर ते आधीच बसलेलं असतं.

वय ओळखण्याकडे येऊ. दारावर कोरलेल्या सालावर मी सगळ्यात शेवटी विश्वास ठेवतो. बोमोरची स्थापना १७७९ ची, पण स्थापनेचं साल हे धंद्याचं साल असतं, प्रत्येक भिंतीचं नव्हे. मी आधी छपराकडे बघतो.

स्कॉटलंडमध्ये छपराच्या वाशांवर सलग फळ्या मारून त्यावर थेट स्लेटचा दगड खिळ्याने बसवायची पद्धत आहे. जुन्या कामात स्लेट सारख्या मापाची नसते. खाणीतून जशी निघेल तशी घ्यायची, मोठी खाली पागोळीकडे आणि लहान होत होत वर आढ्याकडे. पश्चिम किनाऱ्यावरच्या बॅलाहूलिशच्या खाणी १६९३ पासून १९५५ पर्यंत चालल्या. त्यांची स्लेट काळपट, जाड, आणि तिच्यात सोनेरी कण चमकतात. तशी उतरत्या मापाची रांग दिसली तर छप्पर जुनं, निदान जुन्या मालाने परत शाकारलेलं. एकसारख्या मापाची, पातळ, जांभळट झाक असलेली स्लेट बहुतेक वेल्समधली, आणि ती बहुधा रेल्वे आल्यानंतरची. सिमेंटचे किंवा लोखंडी पन्हळी पत्रे विसाव्या शतकातली दुरुस्ती सांगतात. खाण बंद असल्यामुळे बॅलाहूलिशची स्लेट आता फक्त जुन्या छपरांवरून उतरवलेलीच मिळते, म्हणून एखाद्या पडक्या गोदामाचं छप्पर रात्रीतून नाहीसं झालं तर इथे कुणाला नवल वाटत नाही.

छपराचा आकारही बोलतो. लांबरुंद गोदामावर एकच मोठं छप्पर टाकायला लांब लाकूड लागतं, ते महाग. म्हणून दोन-तीन छपरं शेजारी शेजारी, मधे पन्हळ, आणि पन्हळीखाली भिंत किंवा खांबांची ओळ. गोदाम वाढवायचं झालं की आणखी एक छप्पर शेजारी जोडायचं. दर्शनी भिंतीवर उभी सांध दिसली, तिच्या दोन्ही बाजूंना दगडाची रचना वेगळी असली, तर धंदा कोणत्या बाजूला आणि किती टप्प्यांत वाढला ते समजतं. गळतीही पहिल्यांदा त्या पन्हळीतच होते, हे पुढे फ्लॅटच्या संदर्भात लक्षात ठेवा.

धंदा वाढण्याचं मोठं कारण ब्लेंडिंग. वेगवेगळ्या माल्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या) आणि इतर धान्याच्या व्हिस्की एकत्र करून एकसारखी चव द्यायची, यात एडिनबराचे अँड्र्यू अशर पुढे होते. १८५३ च्या कायद्याने माल्ट बॉन्डमध्येच एकत्र करायची मोकळीक मिळाली आणि १८६० मध्ये धान्याच्या व्हिस्कीबरोबर मिसळायचीही. मग डोंगरातल्या डिस्टिलरीपेक्षा बंदरातलं, रेल्वेला लागून असलेलं गोदाम महत्त्वाचं झालं. फ्रान्समधल्या द्राक्षवेली फिलॉक्सेरा किडीने खाल्ल्या, ब्रँडी दुर्मिळ झाली आणि इंग्रज गिऱ्हाईक व्हिस्कीकडे वळलं. लीथ आणि ग्लासगोतली चार-पाच मजली बॉन्डं, म्हणजे अशी कुलपातली गोदामं, प्रामुख्याने या काळातली. आत बिडाचे खांब, लाकडी किंवा लोखंडी तुळया, दर्शनी भागावर मजल्यामजल्याला माल ओढायची दारं आणि वर कप्पी. १८९८ मध्ये लीथची पॅटिसन ही बडी कंपनी बुडाली आणि तेजीचा फुगा फुटला. स्पे नदीकाठच्या स्पेसाइड भागात त्याच सुमाराच्या कित्येक डिस्टिलऱ्या एल्गिनच्या चार्ल्स डॉइग या वास्तुविशारदाने आखल्या आहेत. फॉरेसजवळची डॅलस डू त्यातलीच, १८९८ ची. १९८३ मध्ये ती बंद झाली आणि पुढे सरकारने वारसा म्हणून जपली. ठरवून, एका हाताने आखलेली आणि हळूहळू वाढलेली जागा यांतला फरक कळायला बोमोरनंतर ती पाहा.

लीथमध्ये याहून जुनं, आणि माझ्या आवडीचं, उदाहरण आहे: जाइल्स स्ट्रीटवरची ‘द व्हॉल्ट्स’. खाली कमानींची लांब तळघरं, ती वरच्या इमारतीहून जुनी. वरचं बांधकाम १६८२ चं, आणि सगळ्यात वरचा मजला १७८५ चा. ही मुळात व्हिस्कीची जागाच नव्हे. बोर्दोहून क्लॅरेट वाइन गलबतांतून लीथला उतरायची आणि या तळघरांत जायची. वाइनच्या मागोमाग शेरी आली, शेरीची रिकामी पिंपं बंदरातच पडून राहू लागली, आणि ती भरायला व्हिस्की हाताशी होतीच. म्हणजे वाइनसाठी बांधलेल्या तळघरात, शेरीसाठी बनवलेल्या पिंपात, कर टाळण्यासाठी नव्हे पण लांबवण्यासाठी ठेवलेली व्हिस्की मुरली. १९८३ पासून तिथे स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटीचं बस्तान आहे, वर बसून एक पेग मागवता येतो. बाहेरून बघताना वरच्या मजल्याची बांधणी जरा निराळी वाटते का ते शोधा.

काळवंडलेल्या दगडाचाही तुम्ही उल्लेख केलाय. ती बुरशी आहे, अल्कोहोलच्या वाफेवर वाढणारी. फ्रान्समधल्या कोन्याक भागात आंतोनँ बोदुआं या औषधविक्रेत्याने १८७२ मध्ये तिची नोंद केली होती, आणि २००७ मध्ये तिच्या प्रजातीला त्याच्यावरून ‘बोदुइनिया’ नाव मिळालं. भिंतीवर, छपरावर, झाडांच्या बुंध्यांवर, शेजाऱ्यांच्या गाड्यांवरसुद्धा ती बसते. पण शहरात घाई करू नका. लीथ-एडिनबरातला प्रत्येक काळा दगड व्हिस्कीने काळा झालेला नाही. दोन शतकांचा कोळशाचा धूर त्याच्यावर आहे. मी कुंपण आणि झाडं बघतो. ती काळी नसतील आणि फक्त दगड काळा असेल, तर धूर. काहीही असलं तरी कुणी वाळूच्या फवाऱ्याने ते घासून काढायला निघालं तर अडवा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अशा सफाईने इथल्या वालुकाश्माची वरची टणक कातडीच गेली आणि त्यानंतर दगड भुगा होऊन झडू लागला.

उंच रॅकची गोदामं १९५० च्या दशकापासून आली. फोर्कलिफ्ट आणि लोखंडी मांडण्यांमुळे माणसाच्या खांद्याची मर्यादा संपली, पिंपं आठ-दहा थर चढू लागली, आणि दगडी गोदाम बांधायचं कारणच उरलं नाही. वास्तू म्हणून त्यांत सांगण्यासारखं फार नाही. एक गंमत तेवढी: डंबार्टनजवळच्या अशा गोदामांच्या राखणीला १९५९ पासून २०१२ पर्यंत हंसबदकांचा कळप होता. अनोळखी माणूस दिसला की कलकलाट, आणि पगार नाही.

आता आग, कारण भावाच्या फ्लॅटचा रस्ता तिथूनच जातो. २८ मार्च १९६० ला ग्लासगोच्या चीपसाइड स्ट्रीटवरच्या बॉन्डला आग लागली. आत दहा लाख गॅलनांहून जास्त व्हिस्की आणि रम होती. पिंपं फुटून वाफ कोंडली आणि स्फोटाने भिंती रस्त्यावर उलथल्या. अग्निशमन दलाचे १४ आणि साल्व्हेज कोअर या आगीतून माल वाचवणाऱ्या पथकाचे ५, असे १९ जण गेले. जाड भिंती, लहान खिडक्या आणि बंद दारं चोरांना बाहेर ठेवतात, तसाच दाबही आत कोंडतात. दुसरी घटना मला अधिक छळते. १८ नोव्हेंबर १९६८, ग्लासगोचाच जेम्स वॉट स्ट्रीट. व्हिस्कीचं जुनं बॉन्ड होतं, त्यात गाद्या-सोफ्यांचा कारखाना आला होता. खिडक्यांचे गज तसेच राहिले होते. आग लागली आणि २२ कामगारांना बाहेर पडता आलं नाही. दारूला आत ठेवण्यासाठी लावलेले गज माणसांपुढे उभे राहिले. म्हणून गोदामाचं घर करताना मला सगळ्यात आधी बाहेर पडायच्या वाटा बघायच्या असतात, उघडा दगड आणि बिडाचे खांब नंतर.

तर भावाला सांगा. इथवर आलं ते एवढंच की ही इमारत वाफ, ओल आणि अंधार चालतील अशा मालासाठी, राखणीच्या हिशोबाने बांधली गेली. घर म्हणून तिच्यात जे नाही ते नंतर घातलेलं आहे. ते कसं घातलंय यावर सगळं ठरतं, आणि प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी कुठल्याही इमारतीला बरी-वाईट म्हणणार नाही.

पहिलं, सुटकेचे जिने किती आणि फ्लॅटच्या दारापासून किती लांब. दुसरं, उजेड. बॉन्डची लांबी रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत खूप असते, त्यामुळे खिडकीजवळची खोली झकास आणि मधली खोली दिवसा दिवा लावून वापरायची. जाहिरातीतले फोटो नेहमी खिडकीजवळचे असतात. नोव्हेंबरात दुपारी तीन वाजता जाऊन बघावं.

मग भिंत. दगडांमधल्या दर्जा (सांधे) कशाने भरल्यात ते नखाने खरवडून बघा. चुना असेल तर तो मऊ, पांढुरका, किंचित भुरभुरतो. कडक, करडा, दगडाच्या पुढे आलेला थर दिसला तर सिमेंट. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल दर्जातून बाहेर पडते. सिमेंटने तोंड बुजवलं की ती दगडातून बाहेर पडते आणि दगड सोलत नेते. आपल्याकडे वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंतींवर सिमेंटचे पट्टे ओढलेले तुम्ही पाहिले असतील, तोच प्रकार. अशी भिंत दुरुस्त होते, पण जुनं सिमेंट दगड न फोडता हाताने काढायचं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही लागतं. आतून जिप्समच्या फळ्या आणि उष्णतारोधक भरून भिंत झाकली असेल तर मागे हवा खेळते का, हे विचारायला हवं. तळमजल्याचा फ्लॅट असेल तर दुप्पट चौकशी. खाली एकेकाळी राख-मातीची जमीन होती हे विसरू नका.

छप्पर सगळ्यांचं सामाईक असतं. त्या छपरांमधल्या पन्हळी, त्यांत घातलेलं शिसं, आणि शेवटचं काम कधी झालं, याचा कागद मागा. स्कॉटलंडमध्ये २००४ च्या टेनमेंट (म्हणजे फ्लॅटच्या इमारतींच्या) कायद्याने सामाईक दुरुस्तीचा खर्च वाटायचे नियम घालून दिलेत, पण मूळ खरेदीखतात वेगळी वाटणी लिहिली असेल तर ती चालते. चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आणि सामाईक छपराचा मोठा हिस्सा, असे सौदे मी पाहिले आहेत. वकिलाला खतातलं तेवढं कलम आधी वाचायला सांगा.

इमारत वारसा यादीत आहे का, असली तर अ, ब की क, हेही बघा. यादीत असेल तर खिडकी बदलणं, गज काढणं, आतली भिंत हलवणं, सगळ्याला कौन्सिलची वेगळी परवानगी लागते, आणि ती आधीच्या मालकाने घेतली नसेल तर घोंगडं नव्या मालकाच्या गळ्यात येतं. विकणाऱ्याने होम रिपोर्ट द्यायचा असतो, २००८ पासून तशी सक्ती आहे. तो वाचाच, पण तो फ्लॅटपुरता डोळ्यांना दिसेल तेवढाच बघतो. पन्हळीवर चढून बघणारा, जुन्या चुन्याच्या कामाची सवय असलेला सर्व्हेअर वेगळा लावा. फ्लॅटच्या किमतीपुढे त्याची फी किरकोळ आहे.

पत्ता इथे लिहू नका, पण इमारत साधारण कोणत्या काळातली, किती मजली, आणि छपराचा नि दर्शनी भिंतीचा एखादा फोटो टाकलात तर अजून नेमकं सांगता येईल. छपराचा फोटो समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून घ्या, रस्त्यावरून पन्हळ दिसत नाही.